जुन्या माडीच्या फळ्यांखाली सापडणारे अनोळखी पदार्थ : ओळख कशी पटवावी?

जवाहरनगर (जि. भंडारा) : स्फोटकांच्या कारखान्यात शिरणाऱ्याकडून काडेपेटी आणि लायटर दारातच काढून घेतले जातात. नाव न लिहिलेल्या भुकटीला तेथे कोणी बोट लावीत नाही. येथील आयुध निर्माणीच्या भिंतीआड ही शिस्त अनेक दशके रुजलेली आहे. मात्र त्याच परिसरातील एखाद्या जुन्या घराची माडी उतरविताना फळीखाली पुडी सापडली की बहुतेकांच्या हातून घडणारी कृती एकच असते. पुडी उघडायची, नाकाशी न्यायची आणि चिमूटभर निखाऱ्यावर टाकून पाहायची. या तीनपैकी एकही कृती निर्धोक नाही. घरात सापडलेला पदार्थ ओळखण्याची खरी पद्धत याच्या नेमकी उलट आहे.

जवाहरनगरची सरकारी वसाहत सिमेंट-विटांची असल्याने तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो भंडारा, पवनी, तुमसर, मोहाडी येथील जुन्या माड्यांमध्ये, नागपूरच्या महालातील वाड्यांमध्ये आणि पुण्या-मुंबईच्या पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींमध्ये. वडिलोपार्जित घर पाडावयास काढले की दोन-तीन पिढ्यांनी फळ्यांखाली सारलेले सारे एका दिवसात उघड्यावर येते. ते उचलणारे हात बहुधा रोजंदारीच्या मजुराचे असतात. त्याच्या हातात मोजे नसतात आणि तोंडावर फडकेही नसते.

फळीखाली मुळात काय असते?

अनोळखी वस्तू शोधण्याआधी ओळखीच्या वस्तू बाजूला काढाव्या लागतात. जुन्या पद्धतीच्या माडीत तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर अशी रचना आढळते. मातीवर चुन्याचा कोबा करीत किंवा ती शेणाने सारवीत. काही ठिकाणी कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला अंथरीत. भाताच्या या जिल्ह्यात धानाचा कोंडा वा त्याची राख भरावात आढळल्यास नवल नाही. त्यामुळे फळी उचकटल्यावर दिसणारी पिवळसर माती, चुन्याचे खडे, कुजलेला पाला आणि करडी राख हा घराच्या बांधणीचाच भाग असतो.

लाकडाच्या भुशाचेही तसेच आहे. पिठासारखी बारीक, मऊ पूड आणि जवळच फळीला टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसल्यास ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचे काम होय. खसखशीसारखे एकसारखे दाणे ढिगाने पडलेले असतील, तर ती कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा असते. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. जमिनीतून येणारी नेहमीची वाळवी असे दाणे टाकत नाही, ती मातीच्या नळ्या बांधते. हा भेद कामाचा आहे, कारण दोन्ही वाळव्यांवरील उपाय वेगवेगळे आहेत.

भिंतीलगत पांढरी, केसाळ, मिठासारखी साय दिसते तिला लोणा म्हणतात. ओलाव्याबरोबर वर चढलेले ते क्षार होत. दिसायला तो एखाद्या विषासारखा वाटला तरी तो ओल कोठून येते एवढेच सांगतो.

वटवाघळांच्या आणि उंदरांच्या लेंड्या मात्र निरुपद्रवी समजू नयेत. वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाचा बुरशीजन्य विकार होऊ शकतो आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. अशा ठिकाणी कोरडा झाडू मारणे हा सर्वांत वाईट उपाय. पाणी शिंपडून, नाकतोंड झाकून, हातमोजे घालूनच कचरा उचलावा. पाणी शिंपडण्याच्या या नियमाला एक मोठा अपवाद आहे. तो पुढे येईल.

पांढरी पूड

माडी ही पूर्वी धान्याची कोठी असे. धान्य आले की कीड आली आणि कीड आली की औषध आले. म्हणून फळ्यांच्या फटींत पांढरी वा मळकट पूड सापडली, तर सर्वप्रथम संशय कीटकनाशकाचा घ्यावा.

घराघरांत ‘गॅमेक्झीन’ म्हणून ओळखली जाणारी बीएचसी पावडर एके काळी ढेकणांपासून टोळांपर्यंत सर्वांवर वापरली जाई. तिचा कुबट, डोक्यात बसणारा वास जुन्या पिढीला आजही आठवेल. भारतात तिच्यावर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला. हिवताप निर्मूलनासाठी तिची फवारणी मात्र सरकारी यंत्रणेमार्फत त्यानंतरही होत राहिली. वाळवीसाठी पायात आणि लाकडावर ओतले जाणारे अल्ड्रिन, क्लोरडेन व हेप्टाक्लोर यांच्यावर १९९६ मध्ये बंदी आली.

बंदी आली म्हणून फळीखालची पूड नाहीशी झाली नाही. या वर्गातील रसायने दशकानुदशके विघटन न पावता टिकतात आणि शरीरातील चरबीत साठतात. आजोबांनी १९७५ साली टाकलेली पावडर नातवाच्या मुलाने रांगताना बोटाला लावणे ही कविकल्पना नव्हे. पूड बंद जागेत असेपर्यंत धोका मर्यादित असतो. ती झाडली, चाळली किंवा त्या फळ्या बंबात जाळल्या, की तो धोका साऱ्या घरात पोहोचतो. जुन्या माडीच्या फळ्या सरपण म्हणून वाटून देण्याची आपल्याकडील प्रथा या कारणाने सोडून द्यावी असे वाटते.

पांढऱ्या पुडीत दुसरा संशयित सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड. उंदीर मारण्यासाठी आणि जुन्या औषधांत तो वापरला जाई. त्याला वास नाही. चव पाहून ओळखू म्हणणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही.

साधा चुना ओळखण्याची एक घरगुती खूण आहे. जुन्या चुन्यावर लिंबाचा रस पिळला की बुडबुडे येतात. मात्र ही परीक्षा भिंतीला किंवा कोब्याला चिकटलेल्या खड्यावरच करावी. पुडीत, डबीत वा कापडात बांधून ठेवलेल्या भुकटीवर ती कदापि करू नये. बांधून ठेवलेली वस्तू कोणीतरी हेतुपुरस्सर ठेवलेली असते, आणि तो हेतू आपणांस ठाऊक नसतो.

करड्या गोळ्या आणि पाण्याचा अपवाद

वर उल्लेखिलेला अपवाद हा. धान्याच्या कोठीत करड्या, चपट्या किंवा गोल गोळ्या, वा त्या विरघळून उरलेली राखाडी भुकटी दिसली, तर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतील दमटपणानेही फॉस्फीन वायू सोडतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तेवढे भारी पडू शकते. या वायूवर उतारा नाही.

लसूण किंवा कुजक्या मासळीसारखा वास ही त्याची प्रसिद्ध खूण. परंतु तिच्यावर विसंबणे घातक आहे, कारण धोक्याच्या पातळीवरही वास प्रत्येकाला जाणवेलच असे नाही. मळमळ, उलट्या, छातीत जडपणा ही लक्षणे दिसली की घरचे लोक अन्नातून विषबाधा झाल्याचे समजतात आणि त्याच खोलीत रुग्णाला झोपवून ठेवतात. अशा प्रसंगी दारे-खिडक्या उघडून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि डॉक्टरांना ‘धान्यातील गोळ्या सापडल्या आहेत’ हे शब्द सर्वांत आधी सांगावेत. वापरून झालेल्या भुकटीतही न विरघळलेला अंश राहू शकतो, तेव्हा ‘जुनी आहे, आता काय होणार’ हा युक्तिवाद चालत नाही.

उंदरांसाठी विकली जाणारी काळसर पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. तीही याच घराण्यातली. आणि करड्या, दगडासारख्या ढेपा सापडल्या व त्यांनाही लसणासारखा वास असेल, तर ते कॅल्शियम कार्बाइड असू शकते. वेल्डिंगच्या कामासाठी, पूर्वी कार्बाइडच्या दिव्यांसाठी आणि आज बंदी असलेल्या पद्धतीने फळे पिकविण्यासाठी ते घरी आणले जाई. पाणी लागताच त्यातून ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निघतो.

पिवळे, तांबडे, निळे

पिवळ्या पदार्थांत गंधक आणि हरताळ यांची गल्लत सर्वाधिक होते. दोन्ही पिवळे, दोन्ही जुन्या वैद्याच्या किंवा किराणा दुकानदाराच्या घरात सापडणारे. हरताळ हे आर्सेनिकचे सल्फाइड. हस्तलिखित पोथीत चुकलेले अक्षर पुसण्यासाठी त्यावर हरताळाचा लेप देत असत, ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पोथ्यांना कीड लागू नये म्हणूनही तो वापरीत. म्हणून फळीखाली पोथ्यांचा रुमाल सापडला आणि कागदावर पिवळे पट्टे किंवा पिवळी धूळ दिसली, तर पाने उलटताना बोट जिभेला लावू नये. आपल्याकडे ही सवय एवढी अंगवळणी पडलेली आहे की ती मुद्दाम सांगावी लागते.

गंधक जाळले की निळसर ज्योत दिसते आणि घसा धरणारा धूर निघतो, म्हणून ‘जाळून पाहा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण पुडीत गंधकाऐवजी हरताळ निघाला, तर त्याच धुरातून आर्सेनिक श्वासात जाते. जी परीक्षा चुकीच्या उत्तरासाठी एवढी किंमत मागते, ती परीक्षा करूच नये.

नारिंगी-तांबडी मनशिळ हीही आर्सेनिकचीच, तर लालभडक हिंगूळ पाऱ्याचा. निळे स्फटिक बहुधा मोरचुदाचे असतात. पिकांवरील बुरशीसाठी ते शेतकऱ्याच्या घरी असते. मोरचूद तुलनेने सौम्य असले तरी पोटात गेल्यास विषारी आहे.

काळी पूड : मँगनीज, कोळसा की दारू?

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. या भागातील घरात काळे, हात काळे करणारे खडे वा भुकटी सापडल्यास ते मँगनीजचे खनिज असण्याचा संभव मोठा. टॉर्चच्या जुन्या सेलमधून निघालेली काळी पूडही मुख्यत्वे तीच. हे खनिज कोळशाच्या मानाने कितीतरी जड असते. तेवढ्याच आकाराचा कोळसा हातावर हलका लागतो आणि मँगनीजचा खडा चटकन वजनदार जाणवतो. अशा खड्यापासून तातडीचा धोका नाही. त्याची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास मात्र मज्जासंस्थेला अपाय होतो.

पण काळी पूड डबीत, शिंगात किंवा चामडी पिशवीत असेल, तर तुलनेच्या भानगडीत न पडता हात मागे घ्यावा. जंगलाला लागून असलेल्या या पट्ट्यात ठासणीच्या बंदुका असत आणि त्यांची दारू घरीच ठेवली जाई. सोरा, गंधक व कोळसा यांचे हे मिश्रण कोरडे राहिल्यास कित्येक वर्षांनंतरही पेट घेते. दिवाळीत आवाज काढण्यासाठी गंधक आणि पोटॅश कुटून केलेले मिश्रण त्याहून वाईट. ते पेटविण्याचीही गरज नसते, केवळ घासले गेले तरी उडते. फटाक्यांत क्लोरेट व गंधक एकत्र वापरण्यावर देशात १९९२ मध्येच बंदी घालण्यात आली ती याचसाठी.

विहीर खोदण्यासाठी आणलेल्या सुरुंगाच्या सामानापैकी काही उरते आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात लागेल’ म्हणून माडीवर जाते. पेन्सिलीएवढी किंवा त्याहून आखूड, एका तोंडाने बंद, तांब्याची अथवा ॲल्युमिनियमची चकचकीत नळी दिसली आणि तिला वायर वा वात असो-नसो, तो डिटोनेटर समजावा. मुलांची बोटे उडण्याच्या घटना अशाच नळीतून घडतात. मेणकागदात गुंडाळलेल्या कांड्या सापडल्या आणि कागदावर तेलकट घाम किंवा स्फटिक दिसले, तर खोली रिकामी करावी. नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांवर भारतात २००४ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या कांड्यांतील द्रव कालांतराने बाहेर झिरपतो आणि तो हादरा सहन करीत नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी येथील आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात इमारतीचे छत कोसळून किमान आठ जणांना प्राण गमवावे लागले. २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत असलेल्या या कारखान्यात प्रशिक्षित माणसे होती, नियम होते. माडीवर त्यांपैकी काहीच नसते.

सिमेंटचे पत्रे आणि नव्या फ्लॅटमधील लाकूड

फुटके सिमेंटचे पत्रे फरशीखाली भराव म्हणून टाकण्याची सवय जुनी आहे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुफ्फुसात रुतून अनेक दशकांनी कर्करोगाला कारणीभूत ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत निर्देश दिले. ब्रिटनने १९९९ मध्ये, तर ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस त्याचा वापर थांबविला. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजूनही पूर्णतः हद्दपार झालेले नाहीत. डोळ्यांनी पाहून ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणालाही सांगता येत नाही, त्यासाठी विशेष सूक्ष्मदर्शक लागतो. तोवर पत्रा फोडू नये, कापू नये, ओला करून अख्खाच उचलावा. परदेशात जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी लाकडी जमिनीखाली चौरस जुन्या टाइल्स आणि काळा डिंक आढळल्यास हाच नियम पाळावा.

नागपूर-पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये लॅमिनेटच्या फळ्यांखाली निघणारा पांढरा फोम आणि चंदेरी कागद हा त्या जमिनीचाच भाग असतो. त्याबद्दल भीती बाळगण्याचे कारण नाही. काळी बुरशी दिसली तर गळती शोधावी.

नाणी, मूर्ती, कागदपत्रे

फळीखाली गाडगे निघाले म्हणजे ते आपलेच, ही समजूत कायद्याला मान्य नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत किंवा तिला जोडलेल्या वास्तूत दडविलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. कोणी दावेदार पुढे आला नाही आणि अन्य करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. फळी उचकटणारा मजूर हाही शोधणाराच, ही बाब घरमालक सोयीस्करपणे विसरतात. माहिती दडविल्यास शिक्षेची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व नाणी, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात.

पवनीत १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. अशा गावात घराच्या पायातून निघालेले खापर किंवा नाणे राखेने घासून चकचकीत करणे म्हणजे त्याचा इतिहास पुसणे. नाण्यावरील हिरवा थर तसाच राहू द्यावा.

नेमके कोणाकडे जावे?

या बाबतीत भंडारेकर सुदैवी आहेत. तासा-दीड तासावरील नागपुरात देशातील मोजक्या संस्था एकवटलेल्या आहेत. विस्फोटकांचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, पर्यावरणविषयक संशोधन करणारी ‘नीरी’ आणि प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा ही त्यांतील प्रमुख होत. परंतु नागरिकाने संशयित वस्तू पिशवीत घालून बसने नागपूर गाठावे असा याचा अर्थ नव्हे. स्फोटकाचा संशय असल्यास ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे, बॉम्बशोधक व नाशक पथक घरी येते. मोबाइलवरून बोलतानाही त्या खोलीबाहेर जावे. कीटकनाशकाचा संशय असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. खनिजाचा खडा असेल तर एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागातही त्याची ओळख पटू शकते.

तज्ज्ञ येईपर्यंत आपण एकच काम चोख करू शकतो, ते म्हणजे नोंद. वस्तू जागेवरच ठेवून, शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून लांबून छायाचित्र घ्यावे. ती फळीवर होती की फळीखाली, मातीच्या थरात होती की त्यावर, हे लिहावे. मातीच्या थरात दबलेली वस्तू बांधकामाच्या वेळची आणि थरावर पडलेली वस्तू नंतरची, एवढ्यावरून पन्नास वर्षांचा फरक कळतो. सभोवती जुन्या वर्तमानपत्राचा कागद असेल तर तारीख पाहावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्या खोलीत पूर्वी काय ठेवीत, कोण राहत, व्यवसाय काय होता हे विचारावे. कासाराच्या, वैद्याच्या, विहीर-ठेकेदाराच्या आणि धान्य-व्यापाऱ्याच्या माडीखाली एकाच रंगाची पूड चार वेगळ्या नावांची असू शकते. प्रयोगशाळेलाही तपासणी कोणत्या दिशेने करावी हे या माहितीवरूनच ठरविता येते.

घर पाडण्याचा ठेका देताना करारात एक वाक्य घालून घ्यावे : फळ्या उचलताना बांधलेली, गुंडाळलेली वा बंद डब्यातील वस्तू आढळल्यास काम थांबवून मालकास कळवावे, आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी मालक देईल. या वाक्यातील दुसरा भाग वगळला, तर पहिला कोणी पाळणार नाही.